हेराल्डचं माहेर

फोर्ड कंपनीनं २०१५ च्या सुमारास युरोपातल्या आपल्या काही गिऱ्हाइकांना एक वचन दिलं होतं. तुम्ही ही गाडी घ्या, आम्ही ती तुम्हाला आयुष्यभर फुकट धुऊन देऊ. आयुष्यभर! सप्तपदीतसुद्धा इतकं नेमकं काही कुणी कबूल करून घेत नाही. गाडी होती मॉन्डेओ. म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या, हप्ते वेळेवर भरणाऱ्या माणसाची. बऱ्यापैकी मोठी, बऱ्यापैकी चांगली आणि गर्दीत उभी केली तर परत सापडायला वेळ लागणारी. पण या खास मॉन्डेओच्या सीटवर कातड्याला षटकोनी शिलाई होती, क्रोम जरा सढळ हातानं लावलं होतं आणि अंगावर एक इटालियन नाव होतं : विन्याले.

ज्याच्या नावावर ही धुलाई चालली होती तो आल्फ्रेडो विन्याले म्हणजे तुरिनचा एक पत्रेकाम करणारा गडी. त्यानं हयातभर गाड्या धुतल्या नाहीत, ठोकल्या. हातोडीनं. तो जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं उलटली होती, त्यामुळे त्याचं मत घेण्याचा प्रश्न आला नाही. घेतलं असतं तर माझा अंदाज असा, की त्यानं आधी मॉन्डेओच्या मडगार्डवरून एकदा हात फिरवला असता, मान डोलावली असती, आणि मग हातोडी मागितली असती.

त्याचा धंदा काय होता हे समजायला तुरिनला जायची गरज नाही. आपल्या हमरस्त्यावर कधीतरी ट्रकचा नुसता सांगाडा धावताना दिसतो. पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, खाली चाकं, आणि मध्ये उघड्यावर डोक्याला फडकं गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. ना टप, ना दार, ना काच. पाऊस आला तर तो सरळ अंगावर. बॉडी त्याला पुढे कुठंतरी मिळायची असते. आपल्या एसटीच्या कितीतरी लाल गाड्यांनी दापोडीच्या नाहीतर चिकलठाण्याच्या कार्यशाळेत अशीच अंगावर बॉडी चढवून घेतली. इटलीत मोटारींचं हेच चाले. इंजिन आणि चासी एका कंपनीची, वरचं अंग दुसऱ्या कारखान्याचं. फरक एवढाच, की तिथं त्या सांगाड्यावर साठ प्रवासी आणि चार कोंबड्या बसायच्या नसत. बसायचा असे एखादा गिरणीमालक आणि त्याच्या शेजारी कुणीतरी, जिच्याबद्दल कारागिरानं चौकशी करायची नसते.

तुरिन शहर अशा कारखान्यांनी भरलेलं होतं. पिनिन फारिना, बेर्तोने, गिया, विओत्ती, आलेमानो अशी मोठी-लहान नावं, आणि त्यांच्या आसपास आणखी कितीतरी. बहुतेकांचं भांडवल म्हणजे एक शेड, थोडी उधारी आणि ज्यांच्या मनगटाचं पत्रा ऐकतो असे दहा-वीस लोक. शहराची खरी मालकीण फियाट. ती लाखांनी गाड्या काढायची, सगळ्या एकसारख्या. त्यामुळे ज्यांना एकसारखं असायचं नव्हतं आणि तसं न असण्याचे पैसे द्यायची ऐपत होती, ते या शेडांच्या दारात यायचे.

विन्यालेचा जन्म १९१३ चा. ज्या वयात मुलानं शाळेत पाढे म्हणायचे त्या वयात तो पत्र्याशी झटू लागला. पुढे स्ताबिलिमेंती फारिना या मोठ्या कारखान्यात त्यानं हात घडवला आणि युद्ध संपून देश जरा सावरू लागल्यावर, १९४८ मध्ये, भागीदार घेऊन तुरिनमध्येच स्वतःची कार्यशाळा काढली. काळ बघा. पेट्रोल महाग, रस्ते उखडलेले, लोकांकडे खायची मारामार. अशा वेळी श्रीमंतांच्या गाड्यांना सुंदर कपाळपट्टी आणि नितळ पाठ घडवून देण्याचा धंदा काढणं म्हणजे व्यवहारज्ञान नसल्याचा लेखी पुरावा. पण एकेक करत गिऱ्हाइकं आली. सुरुवातीची कामं फियाटच्या इवल्याशा तोपोलिनोवरची आणि ११०० वरची. ही ११०० लक्षात ठेवा. आपल्या पद्मिनीचं घराणं हेच. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी होऊन २०२३ पर्यंत राबलेल्या त्या बाईच्या नात्यातल्या काही जणी पन्नासच्या दशकात तुरिनमध्ये विन्यालेच्या हातची अंगं मिरवत होत्या. नशीब म्हणतात ते असं असतं.

काम चालायचं ते असं. लाकडाचा एक जाड ओंडका, वाळूची पिशवी, निरनिराळ्या तोंडांच्या हातोड्या. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्यायचा आणि ठोकत ठोकत त्याला बाक आणायचा, गाडीच्या आकाराच्या लाकडी साच्यावर ठेवून बघायचा, उचलायचा, परत ठोकायचा. तुकडे जुळले की झाळायचे, झाळलेली रेघ कानसेनं घासून नाहीशी करायची. हे डोळ्यांनी होत नाही, तळहातानं होतं. जिथं नजरेला सगळं सपाट दिसतं तिथं तळहाताला उंचवटा लागतो. आपल्याकडचा चांगला डेंटरसुद्धा बघा, काम झाल्यावर गाडीकडे पाहत नाही, आभाळाकडे बघत नुसता हात फिरवतो.

अशा कामाला एक खोड असते. डावी बाजू एकानं ठोकली, उजवी दुसऱ्यानं, आणि मधल्या वेळात जेवणाची सुट्टी झाली. आज त्या गाड्या कोट्यवधींच्या झाल्यात आणि त्या दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञांना फीत लावल्यावर कळतं की डावं-उजवं जुळत नाही. एका बाजूचं मडगार्ड दुसऱ्या बाजूच्या मापात बसत नाही. मंडळी पेचात पडतात : चूक सुधारायची की जपायची? मी म्हणतो जपा. आरशात स्वतःचे दोन कान नीट तपासून मग फीत हातात घ्यावी.

विन्यालेच्या हाताला रेघ पुरवणारा माणूस वेगळा होता. ज्योव्हान्नी मिकेलोत्ती. जन्म १९२१, गाव तुरिनच, आणि पोरवयात उमेदवारी केली तीही त्याच स्ताबिलिमेंती फारिनात. १९४९ मध्ये त्यानं स्वतःचा स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे फार काही मनात आणू नका. टेबल, कागद, पेन्सिली आणि रात्र. हा माणूस इतक्या वेगानं चित्रं काढायचा, की तुरिनच्या मोटार प्रदर्शनात एकमेकांचे वैरी असलेले कारखाने शेजारी शेजारी आपापल्या गाड्या मिरवत उभे असायचे आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या याच्याच टेबलावरून उठून गेलेल्या असायच्या. नाव मात्र कुठंच नाही. पाटी कारखान्याची. त्याची त्याबद्दल फार तक्रार होती असं दिसत नाही. पुढचा कागद ओढायचा आणि कामाला लागायचं.

एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं ठोकायचं, ही जोडी जमली आणि तेवढ्यात त्यांच्या दारात मोडेनाहून काही चासी आल्या. पाठवणाऱ्याचं नाव एन्झो फेरारी.

फेरारी साहेबांचा जीव इंजिनात. वरचं अंग कुणी, कसं बनवायचं यात त्यांना सुरुवातीला फार गोडी नव्हती. चांगल्या घरातलं, हलकं आणि वेळेत मिळणारं असलं की झालं. १९५० ते १९५४ या चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक फेरारींना विन्यालेनं अंग दिलं. त्यातल्या दोन एकसारख्या शोधून दाखवा. एकीच्या कुशीला आगबोटीसारखी गोल भोकं, दुसरीच्या नाकपुड्या फेंदारलेल्या, तिसरीला क्रोमची अशी नक्षी की गाडी पळणार आहे की वरातीत बसणार आहे ते कळू नये. काही सुंदर आहेत, काही नुसत्या उत्साही. विन्याले-मिकेलोत्ती जोडीला हात आवरता घेणं नेहमी जमलं असं मी म्हणणार नाही. पिनिन फारिनाच्या गाड्या पाहिल्या की माणूस गप्प होतो. विन्यालेच्या पाहिल्या की हसू येतं, आणि मग तो परत एकदा बघायला वळतो. मला दुसरा प्रकार जास्त भावतो.

पण नटवी दिसणारी ही पोरं पळायची मात्र वाघासारखी. इटलीत तेव्हा मिल्ले मिलिया नावाची शर्यत होती. ब्रेशा गावातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत यायचं. सोळाशे किलोमीटर, तेही साध्या वापरातल्या रस्त्यांवरून, ज्यांच्या कडेला अख्खी गावं खुर्च्या टाकून बसलेली. ही शर्यत १९५१, १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ तीन वर्षं फेरारीनं जिंकली आणि तिन्ही वेळा जिंकणाऱ्या फेरारीच्या अंगावरचा पत्रा विन्यालेचा होता. पहिल्या वर्षी लुईजी व्हिलोरेसी. दुसऱ्या वर्षी ज्योव्हान्नी ब्राक्को, ज्यानं मर्सिडीजच्या बलाढ्य चमूला डोंगरातल्या घाटात पावसात गाठून मागे टाकलं. ब्राक्कोबद्दलची आख्यायिका अशी, की तो दारूच्या घोटावर आणि एकामागून एक सिगारेटींवर गाडी हाकत होता आणि शेजारी बसलेल्या रोल्फोचं मुख्य काम सिगारेटी पेटवून देण्याचं होतं. जर्मन मंडळी कसून तयारी करून आली होती. त्यांच्या तक्त्यांत सिगारेटींचा रकाना नसावा.

तिसऱ्या वर्षीचा विजेता काउंट ज्यान्नीनो मार्झोत्तो. घराणं कापडगिरणीवाल्यांचं, म्हणजे वर ज्याचा उल्लेख केला त्या जातीचं अस्सल गिऱ्हाईक. यानं ही शर्यत १९५० मध्येही जिंकली होती, दुसऱ्या कारखान्याच्या बॉडीच्या फेरारीत, आणि तेव्हा तो चक्क दुहेरी बटणांच्या सुटात, टाय लावून बसला होता. घरच्या मालाची जाहिरात याहून चांगली कशी करणार? सोळाशे किलोमीटर धूळ खाऊनही इस्त्री मोडली नाही, एवढं गिऱ्हाइकाला दिसलं की पुरे.

पहिल्या विजयाच्या वर्षी, म्हणजे १९५१ मध्येच, मेक्सिकोत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी कारेरा पानामेरिकाना शर्यत झाली. तिथं विन्यालेच्या बॉडीच्या दोन फेरारी गेल्या. तारुफी आणि किनेत्ती यांची पहिली आली, आस्कारी आणि व्हिलोरेसी यांची दुसरी. दोन्ही वर टप असलेल्या, घरंदाज दिसणाऱ्या गाड्या. म्हणजे त्याच वेषात कुणाला स्टेशनावर सोडून यावं. वर्तमानपत्रांत नाव छापून आलं फेरारीचं. बरोबरच आहे. विजेत्या गवयाच्या बातमीत शेरवानी शिवणाऱ्याचं नाव कोण छापतं?

एवढं होऊनही फेरारी विन्यालेकडे राहिली नाही. फेरारी साहेबांना आता सगळ्या गाड्यांना एक घरंदाज चेहरा हवा होता, आणि तो द्यायला पिनिन फारिना तयार होते. या दोघांच्या पहिल्या भेटीची गोष्ट इटलीत अजून सांगतात. बोलणी कुठं करायची? फेरारींनी तुरिनला जायचं म्हणजे कमीपणा, पिनिननं मोडेनाला यायचं म्हणजेही कमीपणा. शेवटी दोन गावांच्या मधलं तोर्तोना हे गाव काढलं आणि तिथल्या एका खानावळीत दोन्हीकडचे जेवायला बसले. मानपान फक्त आपल्याकडच्या लग्नघरांत असतो असं वाटणाऱ्यांनी हे वाचावं. ती सोयरीक पुढे साठ वर्षं टिकली. विन्यालेच्या दारात मात्र चासी येणं थांबलं.

मधल्या काळात आणखी एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, तेही सांगण्यासारखं. ब्रिग्ज कनिंगहॅम हा अमेरिकेतला गडगंज. त्याला ल मांची चोवीस तासांची शर्यत अमेरिकन गाडीनं जिंकायची होती. नियम असा, की शर्यतीत उतरायचं तर त्या नावाच्या काही गाड्या विकाव्याही लागतील. मग फ्लोरिडातल्या कारखान्यात चासी तयार करायची, त्यात अमेरिकन इंजिन बसवायचं, जहाजानं अटलांटिक ओलांडून ती इटलीत पाठवायची, विन्यालेनं तिच्यावर मिकेलोत्तीच्या रेघेबरहुकूम अंग चढवायचं आणि पुन्हा समुद्रमार्गे परत. विन्यालेचे लोक पत्र्याला घाई करत नसत. इकडे वेळ, तिकडे जहाजाचा खर्च. पंचवीसएक गाड्या झाल्या आणि हिशोब मांडल्यावर सगळ्यांनी मुकाट्यानं ते बंद केलं. शर्यत काही जिंकली नाही. गाड्या मात्र फार देखण्या होत्या.

आता आपल्या माणसांकडे येऊ, पण इंग्लंडवरून.

इंग्लंडात कोव्हेंट्रीला स्टँडर्ड-ट्रायम्फ नावाची कंपनी होती. १९५७ च्या सुमारास तिच्यापुढे दोन संकटं. पहिलं, त्यांना एक नवी छोटी गाडी काढायची होती आणि घरच्या चित्रकारांनी जे जे काढलं ते बघवत नव्हतं. दुसरं त्याहून वाईट. त्यांना बॉडी पुरवणारा कारखाना त्यांच्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यानं, बीएमसीनं, विकत घेतला होता, आणि तो आता नव्या गाडीच्या बॉडी द्यायला तयार नव्हता. एकसंध बॉडी ठोकून देणारा दुसरा कुणी मिळेना. तेव्हा ठरलं की जुन्या पद्धतीनं खाली वेगळी चासी ठेवायची आणि वरचं अंग तुकड्या-तुकड्यांत, जिथं जे मिळेल तिथून करून आणून, बोल्टांनी जोडायचं. नाइलाजाला योजना म्हणायची इंग्रजांची हातोटी जुनी आहे.

कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ हॅरी वेब्स्टर. त्यांची मिकेलोत्तीशी ओळख झालेली होती. अडचण सांगितल्याबरोबर मिकेलोत्तीनं पेन्सिल उचलली आणि बघता बघता गाडी कागदावर उभी केली, असं सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण ही गाडी, म्हणजे हेराल्ड, बघितल्यावर ती फार विचार करून काढलेली वाटत नाही, सुचलेली वाटते. त्या कागदावरून नमुन्याची गाडी तुरिनमध्ये बनली ती विन्यालेकडे, आणि थोड्याच महिन्यांत कोव्हेंट्रीला पोचली. घरच्या चित्रकारांनी तिच्याकडे कसं बघितलं असेल, कल्पना करा. दिवाळीला आपण दोन दिवस राबून चकल्या कराव्यात आणि पाहुणीनं येऊन पहिल्याच घाण्यात काटा आणावा.

एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रायम्फ हेराल्डचं बारसं झालं. तुकड्यांची गाडी हा दोष होता, तो त्यांनी कार्यक्रम करून टाकला : रंगमंचावर कामगार आले आणि भराभर तुकडे जोडून गाडी उभी करून गेले. इंजिन ९४८ सीसी. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, जे तेव्हा त्या किमतीच्या इंग्लिश गाड्यांत दुर्मीळ होतं. आणि वळण इतकं घट्ट की ती अंगणात फिरे. रेघा स्वच्छ, कडा नेमक्या, मागे शेपटाला दोन छोटी टोकं, समोर जरा भुवया उचलल्यासारखे दिवे. पुढे एकूण पाच लाखांहून जास्त हेराल्ड बनल्या. विन्यालेनं आयुष्यभरात ठोकलेल्या सगळ्या फेरारी तिच्या एका महिन्याच्या उत्पादनात हरवून गेल्या असत्या.

दोन वर्षांत हेराल्ड मद्रासला आली. तिथं स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं १९६१ मध्ये ती बनवायला घेतली आणि तिच्या नावातलं ट्रायम्फ जाऊन स्टँडर्ड आलं. माहेर तुरिनचं, वाढली कोव्हेंट्रीला, सासर मद्रासचं. आडनाव बदलणं ओघानंच आलं. त्या काळात आपल्याकडे निवड करायला गाड्या तीन. अँबॅसिडर, फियाट आणि ही. अँबॅसिडर पुढाऱ्यांची, फियाट वकिलांची, आणि हेराल्ड कुणाची हे सांगणं अवघड. थोडी हौस असलेला डॉक्टर, परदेशात शिकून आलेला प्राध्यापक, एखादा चित्रकार. तिसऱ्या नंबरची गाडी घेणाऱ्या माणसात काहीतरी वेगळं असतं. त्याला दोन वेळा समजावून सांगितलेलं असतं, तरी त्यानं ती घेतलेली असते.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांकडे मोतिया रंगाची हेराल्ड होती. तिचं आकर्षण एकच : बॉनेट. बाकीच्या गाड्यांचं बॉनेट म्हणजे मगरीनं जांभई दिल्यागत अर्धवट उघडणारं झाकण. हिचं मडगार्डं, दिवे, जाळी सगळ्यांसकट अख्खं नाक पुढे कलंडायचं. चाकं, इंजिन, स्टिअरिंगच्या सळया सगळं उघडं. मेकॅनिक निवांत पुढच्या टायरवर बसून काम करायचा. काका बॉनेट उघडू लागले की आम्ही पोरं खेळ टाकून धावायचो. इंजिन कसं चालतं हे मला जे काही कळलं ते तिथं उभं राहून कळलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यानंतर त्यात फारशी भर पडलेली नाही. ते नाक तुरिनच्या एका शेडमध्ये पहिल्यांदा ठोकलं गेलं होतं याचा तेव्हा कुणाला पत्ता? काकांनाही नसावा.

हिंदुस्थानी संसाराशी मात्र हेराल्डचं जमायला वेळ लागला. मिकेलोत्तीनं ती काढली होती एका जोडप्यासाठी आणि फार तर त्यांच्या दोन शहाण्या मुलांसाठी. दारं दोनच. आपल्याकडे गाडी घरात आली की आत्या, मामी, आजी आणि लोणच्याच्या बरण्या आल्याच. पुढची सीट दुमडून आजींना मागे बसवणं हा एक सोहळा असे आणि बाहेर काढणं हा दुसरा, जास्त लांबणारा. शिवाय ते मागचं सस्पेन्शन. ओझं कमी तोवर चाकं सरळ. सात माणसं कोंबली की खालून बाहेर सरकून फेंगडी व्हायची. इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी केलेली ती रचना आपल्या खड्ड्यांत कुरकुरू लागली. मद्रासच्या मंडळींनी मग दोन कामं केली. साठच्या दशकाच्या अखेरीस गाडीला चार दारं दिली, आणि सत्तरच्या दशकात तिचा चेहरा जरा बदलून, मागे साधा, भक्कम, एकसंध अ‍ॅक्सल घालून तिला गॅझेल असं नाव दिलं. गॅझेल १९७७ च्या सुमारास थांबली. चाल सुधारली, पण मूळ चेहऱ्यातला तो भुवया उचललेला आगाऊपणा गेला तो गेलाच. संसारी माणसांचं असंच होतं, त्याबद्दल मद्रासला बोल लावण्यात अर्थ नाही.

तिकडे विन्याले मोठा झाला होता, आणि लहान कारखान्याला मोठं होण्याइतकं धोकादायक दुसरं काही नसतं. तुरिनलगतच्या ग्रुल्यास्कोत त्यानं प्रशस्त कारखाना बांधला. मासेरातीसाठी सुंदर उघड्या गाड्या केल्या, सेब्रिंग केली, मेक्सिको केली. लान्चियासाठी काम केलं. जपानच्या दायहात्सूला कॉम्पान्यो काढून दिली. इंग्लंडच्या जेन्सन इंटरसेप्टरच्या सुरुवातीच्या बॉडी दिल्या. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रासाठी ६१३ या गाडीचा आराखडा केला, जिच्यात पुढे कम्युनिस्ट पुढारी बसले. गिरणीमालकांपासून सुरू झालेलं काम कुठं पोचावं! पण मोठ्या कारखान्याला रोज खायला लागतं. दरम्यान मोटारींची रचना बदलली होती. वेगळा सांगाडा आणि वेगळं अंग हा प्रकारच संपत आला; मोठ्या कंपन्यांच्या अजस्र दाबयंत्रांतून अंग आणि सांगाडा एकदमच बाहेर पडू लागले. ज्याच्यावर काही चढवायचं ती नागडी चासीच जर आली नाही, तर हातोडी मारायची कशावर?

विन्यालेनं मग फियाटच्याच तयार गाड्यांवर स्वतःच्या नावानं वेगळी अंगं चढवून विकायचा प्रयत्न केला. नावं एकाहून एक. सामांथा, एव्हलीन, आणि फियाट ५०० वरची चिमुकली गामीन. गामीन म्हणजे मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून पळून आलेली गाडी. लाल रंग, गोल डोळे, वर टप नाही, आत दोघांपुरती जागा. लोकांनी बघितली, हसले, पोरांना दाखवली आणि शेजारच्या दुकानातून साधी फियाट घेतली. मला ती खरंच आवडते. पण मी ती विकत घेतली असती का, असं विचाराल तर मीही शेजारच्याच दुकानात गेलो असतो.

१९६९ मध्ये विन्यालेनं कारखाना विकला. घेणारा आलेहान्द्रो दे तोमासो, मूळचा अर्जेंटिनाचा, गिया कारखान्याचा ताबाही त्याच्याकडेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आल्फ्रेडो विन्याले मोटार अपघातात गेला. कारखाना विकून फार दिवस झाले नव्हते. ग्रुल्यास्कोच्या त्या शेडमध्ये नंतर काही वर्षं दे तोमासोच्या पांतेरा गाड्यांची अंगं बनली. मग सगळंच फोर्डच्या पदरात गेलं, आणि फोर्डनं ते नाव कपाटात ठेवून दिलं. मिकेलोत्ती १९८० पर्यंत रेघा ओढत राहिला. बीएमडब्ल्यूची ७००, ट्रायम्फची स्पिटफायर आणि स्टॅग, इंग्लंडची लेलँड नॅशनल बस. मोटारी काढणारा माणूस बसचं काम नाकारत नाही, हे मला त्याच्यातलं सगळ्यात आवडतं. त्यानं आयुष्यात हजारावर गाड्या काढल्या असं म्हणतात. हेराल्ड चालवणाऱ्या लाखो माणसांतल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलं असेल?

तर माझं मत असं. विन्यालेचं नाव घेताना लोक लिलावातल्या फेरारींची किंमत सांगतात. त्या गाड्या आता वातानुकूलित खोलीत राहतात, वर्षातून एकदा सरोवराकाठच्या हिरवळीवर येतात आणि पंच त्यांच्याभोवती हात मागे बांधून फिरतात. त्या बनवल्या त्यानंच, मान्य. पण त्याच्या शेडमधून निघालेल्या ज्या एका आकाराला भाजी आणायला जावं लागलं, मुलं शाळेत सोडावी लागली, लग्नाची खरेदी वाहावी लागली, तो हेराल्डचा. पत्रेकाम करणाऱ्याच्या कामाची कसोटी लावायची तर मी तिथं लावीन.

एक विनंती आहे. पुणे, सांगली, कोल्हापूर, नागपूर अशा गावांत अजूनही एखाद्या वाड्यामागे, ताडपत्रीखाली, टायर बसलेली हेराल्ड निघते. घरातली कर्ती माणसं दिवाळीच्या साफसफाईत तिच्याकडे बघून भंगारवाल्याचा नंबर शोधतात. तुमच्याकडे असेल तर थांबा. तिचे सुटे भाग इंग्लंडात आजही नवे बनतात आणि मिळतात. तुकडे बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे सडलेला तेवढा काढून दुसरा बसवता येतो. नाइलाजानं केलेली ती योजना साठ वर्षांनी अशी कामाला येते. तुम्हाला हौस नसेल तर हौस असलेल्या माणसाला द्या, जुन्या गाड्यांची मंडळं आता जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. आणि ती जर चार दारांची असेल, तर मुळीच देऊ नका. मिकेलोत्तीनं ती काढली नव्हती, विन्यालेनं ठोकली नव्हती आणि इंग्लंडच्या कारखान्यानं कधी बनवली नव्हती. ती दोन जादा दारं फक्त मद्रासची आहेत.